बांधलेला काटा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट गॅलरी दिसते. भिवंडीतलं टेमघर, इमारतीचा दुसरा मजला. डाव्या अंगाला दोरीवर चादर वाळते आहे. उजव्या अंगाला माझी तुळस आणि तिला खेटून शेजाऱ्यांची कोरफड. मागच्या गल्लीत लूमची खटखट चालू आहे, पण ती इथे कुणाला ऐकू येत नाही; थांबली तरच माणसं माना वर करतात. वेळ दिवेलागणीची. मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत अतिया बसलेली. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि तोंडावर असा भाव की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांनी पाय जवळ ओढून घ्यावेत.

“काका,” ती मला म्हणाली, “आनंदीबाईंना नाव बदलायला सांगू का?”

“कोण आनंदीबाई?”

“आमच्या मानकोलीच्या शेडमध्ये प्रथमोपचाराची पेटी सांभाळतात त्या. मी पुस्तकात लिहिलंय, कुणाला लागलं तर आनंदीबाईंना हाक मारा. आणि ही तपासणी म्हणते, ‘बाई’ हा शब्द टाळा, ‘व्यक्ती’ वापरा.”

“मग?”

“मग काय. आनंदीव्यक्तींना हाक मारा. तोवर माणूस मरायचा.”

दारात तिचा आतेभाऊ तौहीद चहाचा कप घेऊन उभा होता. तो शांतपणे म्हणाला, “आपा, ‘माणूस’ पण लाल करतं ते.”

अतियाने लॅपटॉप मिटला. तो ज्या आवाजाने मिटला त्यावरून मला आमच्या नाटकातला तिसऱ्या अंकातला दरवाजा आठवला.

ही अतिया माझ्या शेजारची. चाळिशीला टेकलेली, उंच, चष्म्याची काडी चावायची सवय. तिचे अब्बा महमूदभाई लूमवाले. घराणं कोकणातलं, पण भिवंडीत इतक्या पिढ्या मुरलेलं की गावची आठवण फक्त लग्नातल्या जेवणात उरली आहे. पोरगी मराठी शाळेत शिकली, आणि शिकून एक विचित्र धंदा पकडला. यंत्रांबरोबर जी पुस्तकं येतात, कुठलं बटण आधी दाबायचं, हात कुठे घालायचा नाही, ती पुस्तकं ती लिहिते. मानकोलीला गोदामांच्या रांगाच्या रांगा आहेत. तिथे माल उचलणारी, सरकवणारी, वर चढवणारी यंत्रं बसवणारी एक कंपनी आहे, तिच्यात ही नोकरीला.

आणि लिहिलेलं प्रत्येक पान मला ऐकावं लागतं. मी गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांतून उभी हयात काढली. पायांत ताकद होती तोवर बायकांच्या भूमिका केल्या. रंगपटात सगळे मला ‘बाई’च म्हणायचे, “बाई, पदर सांभाळा, एंट्री आली.” त्यामुळे आनंदीबाईंची बाजू मला आपोआपच कळली. पण तेवढ्याने मी बॅटरीच्या गाड्यांवरचं वाङ्मय ऐकायला लायक ठरतो असं नाही. अतियाचं म्हणणं वेगळं. “काका, तुम्हाला ऐकून समजलं तर शेडमध्ये समजेल. तिथे वाचत नाही कुणी, ऐकतात.”

हे मात्र खरं. त्या कंपनीत एक रीत आहे. नवी शेड सुरू करताना, नारळ फुटायच्या आधी, नियमांचं पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. वाचन संपल्याशिवाय पहिली गाडी आत घ्यायची नाही. आणि पुस्तकात जे असेल ते शेडमध्ये चालणार, नसेल ते नाही.

या रीतीनेच सगळा घोळ केला. तो सांगण्याआधी हेमालीला मंचावर आणलं पाहिजे.

हेमाली शेलार गावची, शेतकऱ्याची मुलगी. जुन्या शेडमध्ये पॅकिंगला होती. खोक्यांना टेप लावायची आणि लावता लावता स्टॅकरकडे बघायची. स्टॅकर म्हणजे बॅटरीवरची गाडी. माल उचलून उंच फळ्यांवर ठेवते. शिफ्ट सुपरवायझर अनंता त्याच भागातला, मानकोली गावचा. त्याने पोरीची नजर ओळखली आणि जेवणाच्या सुट्टीत तिला गाडी शिकवली. डबा खायचा सोडून शिकवली. पोरगी इतकी तयार झाली की वरच्या फळीवर माल ठेवताना खालच्या माणसांना आवाज येत नसे. मग स्टॅकरची एक जागा रिकामी झाली तेव्हा ती त्याच्याकडे गेली. आणि याच अनंताने पुस्तक उघडून तिला ओळ दाखवली: चालक हा सुदृढ पुरुष असावा.

“माझं काय न्हाय हेमाली,” तो म्हणाला. “लिवलंय.”

अतियाला हे कळलं तेव्हा ती जी खवळली ती मी माझ्या घरात बसून ऐकली. तिने शोध घेतला. ती ओळ कुठून आली? तर आधीच्या पुस्तकातून. त्यात कुठून आली? त्याच्या आधीच्यातून. मूळ इंग्रजी पुस्तकात तसं काहीच नव्हतं. कधीतरी कुणीतरी मराठी करताना आपल्या मनाने एक पुरुष उभा केला होता, आणि मग तो प्रत्येक आवृत्तीत तसाच उभा राहिला, आमच्या नाटकातल्या भालदारासारखा. कुणी त्याला आणला नाही, कुणी घालवला नाही.

“कुणी ठरवलं असतं तर भांडले असते, काका,” ती म्हणाली होती. “कुणी ठरवलंच नाही. नुसतं लिहिलं गेलं. आता भांडू कुणाशी?”

तेव्हा तिने आणि तौहीदने ही तपासणी बसवली. तौहीद त्याच कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो. इंग्रजी कागदांसाठी अशी तपासणी कंपनीत आधीच होती; परदेशी गिऱ्हाइकांनी आग्रह धरला होता. कागद तिच्यातून सोडायचा, ती शब्द वाचते, कुणाला वगळणारा, कुणाला कमी लेखणारा शब्द दिसला की तो लाल करते आणि कागद पुढे जाऊ देत नाही. अतियाने मराठीसाठी हट्ट धरला. शब्द तिने गोळा केले, यंत्राला शिकवलं तौहीदने.

पहिले काही दिवस ती खूश होती. ‘आंधळं वळण’ लाल झालं, तिथे तिने ‘समोरचं न दिसणारं वळण’ लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मीही मान डोलावली, कारण वळण काही आंधळं नसतं, दिसत नसतं ते आपल्याला. पण मग यंत्राला चेव आला. फिटर लोक जोडाच्या दोन तोंडांना नर आणि मादी म्हणतात, ते लाल. लंगडा पाट लाल. हमाल लाल, आणि त्याच्या जागी सूचना ‘माल हाताळणी सहकारी’. एका पानावर तर ‘बापूजी चौक’ लाल झाला होता, कारण त्यात यंत्राला बाप दिसला.

“तौहीद, हे वाचतं की वास घेतं?”

“आपा, तूच म्हणालीस ना, काही सुटता कामा नये. मी चाळणी बारीक केली.”

“चाळणी बारीक केलीस? तू ताटच झाकून ठेवलंस.”

मी मधे म्हणालो, “आमच्याकडे विंगेत एक प्रॉम्प्टर असायचा. चुकलं की कुजबुजायचा. प्रत्येक चुकीला पडदा पाडत नसे.”

“काका, तुमच्या नाटकात शब्द चुकला म्हणून कुणाची नोकरी जात नव्हती,” अतिया म्हणाली, आणि मी तुळशीकडे वळलो.

तिच्या वैतागाला कारण होतं. जुनी शेड बंद होत होती. नव्या शेडमध्ये पॅकिंगचं कामच नव्हतं, त्यामुळे पॅकिंगच्या बायकांना घरी बसावं लागणार होतं. हेमालीला स्टॅकर मिळाला तर नोकरी, नाही तर शेलारला परत आणि घरच्यांनी पाहून ठेवलेलं स्थळ. परीक्षा ती पास झाली होती. अनंताने तिचं नाव दिलं होतं, पण अटीवर: नव्या पुस्तकात जुनी ओळ नसली पाहिजे. सोमवारी शेड सुरू होणार, सोमवारी वाचन. पुस्तक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पुण्याच्या मुख्य ऑफिसला पोचायला हवं, आणि तपासणी ते सोडत नव्हती. मघाचा तो मिटलेला लॅपटॉप म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ.

आता महमूदभाईंच्या कात्रीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

लूमला एक काटा असतो. आडवा धागा तुटला की तो काटा लूम बंद पाडतो. कारागिराने यायचं, धागा लावायचा, लूम परत सुरू करायची. पण कारागिराला मजुरी मिळते कापडाच्या लांबीवर. लूम थांबली की त्याचा जीव तुटतो. म्हणून तो काय करतो, एक दोरा घेतो आणि काटा बांधून टाकतो. मग धागा तुटो की राहो, लूम चालत राहते. काम झोकात दिसतं. नंतर तागा उलगडला की मधेच विरळ पट्टा, आणि व्यापारी तागा तोंडावर फेकतो. महमूदभाई सदऱ्याच्या खिशात कात्री घेऊन शेडमधून फिरायचे, बांधलेला दोरा दिसला की कापायचे. कारागीर पाठ फिरताच पुन्हा बांधायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. दोन्ही बाजू थकल्या नाहीत. भिवंडीत कुणालाही विचारा, काटा बांधणं म्हणजे काय ते सांगेल, आणि आपण नाही बांधत असंही सांगेल.

तर शुक्रवारी संध्याकाळी अतियाने लॅपटॉप परत उघडला. पडदा लालेलाल. पुण्याहून फोन, पुस्तक कुठाय. तिने चष्म्याची काडी तोंडातून काढली.

“तौहीद. बांध याला.”

तौहीदचा कप ओठापाशी थांबला. “काय?”

“या पुस्तकापुरतं बांध. मी स्वतः सगळं वाचलंय. एकही वाईट शब्द नाही त्यात. उगाच थांबवतंय.”

“आपा, मामूंना कळलं तर कात्री घेऊन येतील.”

“अब्बांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही. बांध.”

आतल्या खोलीतून महमूदभाईंचा आवाज आला, “काय बांधायचंय?”

“पार्सल,” दोघं एकदम म्हणाले.

तौहीदने काहीतरी दाबलं. लाल रेघा गेल्या, हिरवी खूण आली, पुस्तक पुण्याला गेलं. अतियाने गरम पाण्यात पाय बुडवले आणि मला म्हणाली, “सोमवारी चला काका मानकोलीला. पुस्तक ऐकून ऐकून जुनं केलंत, आता शेड तरी बघा.”

आता दुसरा अंक. सोमवार सकाळ. शेड एवढी मोठी की मला पहिला विचार आला, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवतील. उंचच उंच रिकाम्या फळ्या. दाराशी झेंडूचं तोरण, टेबलावर नारळ. बाहेर रस्त्यावर ट्रक उभे, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होते. शेडचे मॅनेजर एका हाताने घड्याळ बघत आणि दुसऱ्या हाताने फोनवर पुण्याच्या साहेबांना शेड दाखवत. सगळे अर्धवर्तुळात उभे: हमाल, फिटर, पेटी कवटाळलेल्या आनंदीबाई, आणि एका टोकाला हेमाली. पायात कंपनीचे नवे जाड बूट, नाड्यांना दोन दोन गाठी. तिच्यामागे तिचा स्टॅकर, त्यालाही कुणीतरी झेंडू लावलेला.

अनंता माल ठेवायच्या लाकडी पाटांच्या थप्पीवर चढला आणि वाचू लागला. आवाज चांगला, श्वास कच्चा. वाक्य संपायच्या आत दम संपायचा. पण मन लावून वाचत होता. आनंदीबाईंचं नाव आलं तेव्हा त्यांनी पेटी खाली ठेवून सगळ्यांना नमस्कार केला. नर-मादीपाशी मागच्या रांगेत खसखस पिकली. ‘समोरचं न दिसणारं वळण’ आलं आणि अतियाने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मान डोलावली. सगळं सुरळीत. मग बॅटरीचं प्रकरण आलं.

“बॅटरी चार्ज करताना जवळ विडी-सिगारेट ओढू नये. चालक हा सुदृढ पुरुष...”

अनंता थांबला. पान जवळ धरलं. ओळ मनात परत वाचली, ओठ हलताना दिसले. मग त्याने हेमालीकडे पाहिलं नाही, अतियाकडे पाहिलं.

“मॅडम, ह्ये तर तुमी काढलं व्हतं ना?”

अतिया पुढे गेली, त्याच्या हातातून पुस्तक घेतलं, ओळ वाचली. तिचा रंग उतरलेला मी पाहिला. तिने जागच्या जागी पुण्याला फोन लावला. तिथल्या सुकन्या मॅडमचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत येत होता.

“अगं, बॅटरीचं प्रकरण तुझ्यात नव्हतंच. म्हणून मी जुन्या पुस्तकातलं घातलं. तपासणीतून परत काढलं ना मी सगळं. हिरवं आलं.”

“हिरवं आलं,” अतिया म्हणाली.

“हो. एकदम हिरवं.”

तिने फोन ठेवला. ज्या एका ओळीसाठी तपासणी बसवली, ती ओळ तपासणीसमोरून छाती काढून गेली होती, कारण त्या पुस्तकापुरता काटा बांधलेला होता.

मॅनेजर म्हणाले, “अनंता, वाचा पुढे. गाड्या खोळंबल्यात.”

“मंग हेमालीची ड्युटी?”

“आज दुसऱ्या कुणाला द्या. पुस्तक दुरुस्त होऊन आलं की बघू.”

“कधी येल?”

“पुढच्या छपाईला.”

“म्हंजे न्हाय,” अनंता म्हणाला. तो रागावलेला नव्हता. डबा सोडून शिकवलेल्या पोरीकडे त्याला बघवत नव्हतं, एवढंच. “मॅडम, मी काय करू? मी सोडलं न् उद्या तिला कुटं लागलं, तर पयला मना इचारतील. पुस्तकात काय लिवलंय.”

हेमाली पुढे आली. हळूच म्हणाली, “ताई, ऱ्हाऊ द्या. एवढी मानसं उभी हायत.”

“राहू द्यायचं होतं तर बूट कशाला घातलेस?” अतिया तिच्यावरच उखडली. मग ती वळली आणि पाटांच्या थप्पीवर चढली. अनंताला थोडं सरकावं लागलं.

“वाचन थांबलं,” ती म्हणाली. “हे पुस्तक मी मागे घेतेय.”

मॅनेजरचा फोन हातात तसाच राहिला. पुण्याच्या साहेबांना बहुतेक छत दिसत असावं. “मॅडम, मागे घेतेय म्हणजे काय? पुस्तक नाही तर शेड सुरू नाही. नारळ आणलाय.”

“नारळ नासत नाही.”

“बाहेर ट्रक आहेत.”

“ते पण नासत नाहीत.”

“अहो पण चूक कुणाची आहे?”

“माझी. तपासणी सारखी थांबत होती. मी वैतागले आणि काटा बांधला.”

मॅनेजर नाशिकचे, त्यांना काही समजलं नाही. पण अर्धवर्तुळातले निम्मे लोक कधी ना कधी लूमवर उभे राहिलेले. आधी एक दबका हशा उठला, मग तो विझला. नवशा नावाचा म्हातारा हमाल होता, तो म्हणाला, “तुमी पन बांधला? मंग पट्टा पडनारच की वं.”

“पडलाच ना,” अतिया म्हणाली. आणि तौहीदला फोन लावला. मी शेजारी होतो, म्हणून दोन्ही बाजू ऐकल्या.

“काप.”

“आपा, कापलं तर परत सगळं लाल होईल. आनंदीबाईंपासून.”

“होऊ दे. काप.”

मग जे सुरू झालं त्याला नाट्यपरंपरेत नाव नाही. अतिया एका उलट्या क्रेटवर बसली, लॅपटॉप दुसऱ्या क्रेटवर, आणि एकेक लाल शब्द घेऊ लागली. फरक एवढाच की या वेळी ज्याच्याबद्दलचा शब्द, तो माणूस समोर उभा होता.

“आनंदीबाई, तुम्हाला बाई म्हटलेलं चालतं का?”

“मंग काय म्हननार? नुसतं आनंदी म्हनलीस त माझी सासू वरनं उतरून येल.”

“ठीक. हे नाव आहे, सोड.” खट्.

“नवशाकाका, तुम्हाला हमाल म्हणू की माल हाताळणी सहकारी?”

“हमाल. ते दुसरं बोलंपरेंत माल खाली पडंल.”

“मना न्हाय आवडत हमाल,” त्याच्या बाजूचा जवान गडी, चंद्रा, म्हणाला. “पोरीवाल्यांना सांगताना कसंतरी वाटतं.”

“तुला पोरगी पायजे म्हनून पुस्तक बदलायचं?”

“तुमचं लगीन झालंय, तुमाला काय.”

दोघांची जुंपली. त्यात आणखी दोघे पडले. बाहेरून एक ट्रक भोंगा वाजवू लागला. अतियाने कपाळ दोन्ही हातांत धरलं.

“दोघांनी एक ठरवा,” ती म्हणाली, “नाहीतर दोघांनाही व्यक्ती करून टाकते.”

शेवटी तिथे ‘माल उचलणारे कामगार’ असं झालं. नवशाला ते मिळमिळीत वाटलं आणि चंद्राला लांबलचक. म्हणजे दोघांचं समसमान नुकसान झालं. नर-मादीवर फिटर हटून बसले. जोडाचा तो भाग बाजारात त्याच नावाने मागावा लागतो, खुंटी म्हणून मागितला तर दुकानदार सुताराकडे पाठवेल. अतियाने तो शब्द ठेवला, पण यंत्राने तिथे थांबायचं नाही, नुसतं सांगायचं, असं तौहीदकडून करून घेतलं. कुजबुजायचं कुठे आणि पडदा पाडायचा कुठे, हे ती एकेक शब्दाला ठरवत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मीही झेंडूच्या तोरणाकडे वळलो. रंगमंचावर दुसऱ्याचं वाक्य घेऊ नये.

आणि मग बॅटरीच्या प्रकरणावर यंत्र थांबलं. लाल. चालक हा सुदृढ पुरुष असावा. अतिया त्या रेघेकडे बघत राहिली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

“हां,” ती यंत्राला म्हणाली. “आता कसं दिसलं.”

नवं वाक्य तिने लिहिलं: स्टॅकर चालवणाऱ्या व्यक्तीने प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं. सुकन्या मॅडमने पुण्याहून मंजुरी धाडली, थोडी रुसून. शेडचा प्रिंटर अजून खोक्यातच होता, म्हणून तौहीद ऑफिसातून स्कूटर काढून मानकोली नाक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि सगळं पुस्तक नव्याने छापून, गरमगरम, छातीशी धरून घेऊन आला. मॅनेजरांनी पानापानावर सही केली. ते इतके घामाघूम झाले होते की दोन सह्या फिसकटल्या.

“चला,” ते म्हणाले. “अनंता, ते बॅटरीचं पान वाचा आणि फोडा नारळ.”

अनंताने पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उघडलं.

“पान बदललं म्हंजे पुस्तक बदललं, साहेब. पयल्यापासनं वाचाया लागंल.”

अख्ख्या शेडमधून एक उसासा उठला. ट्रकवाले आत येऊन बसले होते, त्यांनाही ऐकावं लागलं. मॅनेजरांनी अतियाकडे आशेने पाहिलं. तिची मघाची आठी जागेवर परत आली होती. पण रीत अनंताची नव्हती, कंपनीची होती, आणि त्याच रीतीवर ती सकाळपासून उभी होती. तिने हात केला, वाच. अनंताने पहिल्या ओळीपासून वाचलं. आनंदीबाईंनी परत पेटी खाली ठेवून नमस्कार केला. नर-मादीला या खेपेला कुणी हसलं नाही, सगळे दमले होते. बॅटरीचं प्रकरण आलं, तेव्हा अनंताने श्वास भरून घेतला आणि ते एक वाक्य तेवढं न तोडता, एका दमात, शेवटच्या फळीपर्यंत पोचेल असं म्हटलं. माझ्या नाटक कंपनीत त्याला त्या एका वाक्यावर भूमिका मिळाली असती.

मग नारळ फुटला. पहिला ट्रक मागे मागे आत आला. हेमाली स्टॅकरवर चढली, झेंडूचं फूल काढून खिशात घातलं, चावी फिरवली. तिने पहिला पाट उचलला, वळली, उंच, आणखी उंच नेला आणि वरच्या फळीवर ठेवला. आवाज झाला नाही. टाळ्या पडल्या. आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मॅनेजरांनी फोन उंच धरून पुण्याच्या साहेबांना दाखवलं. अनंता दुसरीकडे बघत मान खाजवत होता. त्याला कुणी रडताना बघायला नको होतं.

अतिया मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती फळीखाली उभी राहून, डोळे बारीक करून, चष्म्याची काडी दातांत धरून वर बघत होती. मग काडी काढली, टाळ्यांच्या वरून ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

“हेमाली, तिरका लागलाय. काढ आणि परत लाव.”